वेग पुरेसा, तरी पान उघडत नाही

‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार केली की बहुतेकांचा सल्ला ठरलेला असतो : मोठा प्लॅन घ्या. आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरातही हीच चर्चा सुरू होती. रोज रात्री साडेआठच्या सुमारास संगणकावर बातम्यांचे साधे पान उघडायलाही पाच-सहा सेकंद लागत आणि कधीकधी ते अर्ध्यावरच अडकून राही. दुपारी वेग मोजला, तर ठरलेले ४० एमबीपीएस पुरेपूर मिळत. प्लॅन बदलण्यापूर्वी मी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ ही आज्ञा चालवून पाहिली. एक छोटा संदेश दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन त्याचे उत्तर परत यायला किती वेळ लागतो, ते ती दाखवते. दुपारी हा आकडा १८ मिलिसेकंद होता. रात्री साडेआठला तो ११०० च्या वर गेलेला होता. त्याच वेळी शेजारच्या खोलीत धाकट्या भावाने कामावरून येऊन फोन चार्जिंगला लावला होता आणि पुतणीच्या बारशाचे व्हिडिओ त्यातून आपोआप क्लाउडवर चढत होते. त्या फोनचे वाय-फाय बंद केल्यावर दोन-तीन ओळींतच आकडा १९ वर उतरला.

आपण ज्याला सरसकट ‘वेग’ म्हणतो, त्यात दोन वेगळ्या राशी दडलेल्या असतात. एका सेकंदात किती डेटा येऊ शकतो ही पहिली, आणि एक फेरी पूर्ण व्हायला किती वेळ लागतो ही दुसरी. प्लॅनच्या जाहिरातीत पहिलीच छापलेली असते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे कोल्हापूरहून ४०० किलोमीटर केबलने मुंबईला जाऊन परत यायला निदान ४ मिलिसेकंद लागणारच, आणि अमेरिकेतल्या सर्व्हरसाठी शंभराहून अधिक. कितीही महाग प्लॅन घेतला तरी हे अंतर कमी होत नाही.

वेबपानाच्या बाबतीत ही दुसरी राशीच निर्णायक ठरते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता विचारण्यासाठी एक फेरी, सर्व्हरशी जोडणी करण्यासाठी दुसरी, सांकेतिक कुलुपाच्या किल्ल्या ठरवण्यासाठी तिसरी आणि प्रत्यक्ष पान मागण्यासाठी चौथी, अशा किमान चार फेऱ्या पहिले अक्षर दिसण्याआधीच होतात. प्रत्येक फेरी १८ मिलिसेकंदांची असेल, तर हा सारा खटाटोप डोळ्याची पापणी लवण्याच्या आत संपतो. तीच ११०० ची झाली, की जवळजवळ साडेचार सेकंद नुसते वाट पाहण्यात जातात.

मग एक फोन व्हिडिओ पाठवू लागताच फेरीचा वेळ साठपट कसा होतो? आमच्या जोडणीत डेटा येण्याचा वेग ४० असला, तरी जाण्याचा वेग अवघा २ एमबीपीएस आहे. फोन वाय-फायवरून राउटरला त्याच्या कितीतरी पट वेगाने डेटा देतो. बाहेर जाऊ न शकलेली पॅकेट्स, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, राउटर किंवा मोडेम आपल्या स्मृतीत, म्हणजे बफरमध्ये, रांगेत ठेवतो. हा बफर केवळ २५६ किलोबाइटचा धरला, तरी तो २ एमबीपीएसने रिकामा व्हायला एक सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. संगणकाने पानासाठी पाठवलेली इवलीशी विनंती या रांगेच्या शेवटी उभी राहते आणि व्हिडिओची सगळी पॅकेट्स पुढे गेल्यावरच बाहेर पडते.

हा बफर भरतोच का, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पाठवणाऱ्या संगणकाला पुढची वाट किती रुंद आहे हे आधी माहीत नसते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जेमतेम ४०० यार्डांवरचे विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर कोसळला. त्यानंतर त्याच प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेली पद्धत टीसीपीने, म्हणजे इंटरनेटवरून डेटा पाठवण्याच्या नियमावलीने, स्वीकारली : वेग हळूहळू वाढवत न्यायचा आणि एखादे पॅकेट गळाले, की वाटेत गर्दी झाली असे समजून तो कमी करायचा. पॅकेट गळणे हा येथे दोष नसून निरोप आहे. पुढे स्मृती स्वस्त झाली आणि एकही पॅकेट वाया जाऊ नये, या सदिच्छेने उत्पादकांनी मोठमोठे बफर बसवले. त्यामुळे निरोप फार उशिरा पोहोचू लागला आणि तोवर फोन रांग भरतच राहू लागला. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांना २०१० मध्ये स्वतःच्या घरी हाच अनुभव आला आणि त्यांनी या दोषाला ‘बफरब्लोट’ हे नाव दिले.

कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर काढलेला, राउटरमध्ये चालणारा ‘कोडेल’ हा उपाय मला अतिशय सुंदर वाटतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की आपोआप उघडतात. कोडेलही असाच आपोआप उघडतो, पण तो पातळी पाहत नाही, तर प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते मोजतो. सलग १०० मिलिसेकंद हा वेळ ५ मिलिसेकंदांच्या खाली उतरलाच नाही, तर तो एक पॅकेट टाकून देतो. तरीही रांग हटली नाही, तर पुढचे १०० मिलिसेकंदांनी, त्यानंतरचे सुमारे ७१ नी, मग ५८ नी, म्हणजे १०० ला क्रमांकाच्या वर्गमूळाने भागून येणाऱ्या अंतराने. वर्गमूळच का, तर पारंपरिक टीसीपीचा वेग पॅकेट गळण्याच्या प्रमाणाच्या वर्गमूळाशी व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून या क्रमाने पाठवणाऱ्याचा वेग धक्का न बसता सरळ रेषेत उतरतो. याच्याच ‘एफक्यू-कोडेल’ या रूपात प्रत्येक संभाषणाला स्वतंत्र रांग मिळते, त्यामुळे पानाच्या विनंतीला व्हिडिओमागे उभे राहावे लागत नाही.

डेस्कटॉपवर उजवे बटण दाबून पुन्हा पुन्हा ‘रिफ्रेश’ करण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्याने पडद्यावरची चिन्हे नव्याने रेखाटली जातात. संगणक किंवा इंटरनेट यांचा वेग तसूभरही वाढत नाही. वेग दुप्पट करण्याचे वचन देणाऱ्या ‘बूस्टर’ ॲपवर तर एक रुपयाही खर्च करू नये, कारण राउटरमधल्या रांगेला ते हात लावूच शकत नाही.

दोष नेहमी बफरचाच असतो असे नाही. आधी राउटरच्या पत्त्याला पिंग करावे. तिथेच आकडा वरखाली होत असेल, तर अडचण वाय-फायची आहे. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींमागे असे हमखास होते. तिथे केबल जोडून पाहावी. राउटरचा आणि बाहेरच्या सर्व्हरचा असे दोन्ही आकडे स्थिर असूनही पान रेंगाळत असेल, तर ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेली छोटी पूरक साधने, एकेक करून बंद करावीत.

राउटरपर्यंतचा आकडा स्थिर राहून फक्त बाहेरचा वाढत असेल आणि तोही कोणी काही अपलोड करत असतानाच, तर राउटरच्या सेटिंगमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ ही रांगेचे नियोजन करणारी सोय शोधावी आणि जाण्याच्या वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवावी. मर्यादा मुद्दाम कमी ठेवायची ती रांग मोडेममध्ये न साचता, जिथे कोडेल चालतो त्या राउटरमध्येच साचावी म्हणून. ही सोय नसेल, तर फोनचा बॅकअप सगळे झोपल्यावर सुरू करावा. आमच्या घरी मी मर्यादा १.७ एमबीपीएस ठेवली. भावाचे व्हिडिओ आता थोडे सावकाश चढतात. ते चढत असतानाही पिंगचा आकडा ३० च्या आसपास राहतो, आणि प्लॅन अजून तोच आहे.