हिरवा रंग कागद कसा खातो

सोळाव्या-सतराव्या शतकातला युरोपीय नकाशा पाहिला की दोन उद्गार ठरलेले. 'त्या काळी एवढी सुंदर रंगीत छपाई!' आणि 'हा तपकिरी भाग म्हणजे वाळवंट असणार.' दोन्ही चूक. छापल्या जायच्या त्या फक्त काळ्या रेघा. तांब्याच्या पत्र्यावर नकाशा उलटा कोरायचा, खाचांत शाई भरायची आणि त्यावर ओलसर कागद दाबायचा. रंग नंतर कुंचल्यानं, प्रत्येक प्रतीवर वेगळा. १५७० साली अँटवर्पमध्ये पहिला आधुनिक अ‍ॅटलास काढणाऱ्या अब्राहम ऑर्टेलियसची सुरुवातही नकाशे रंगवण्यापासूनच झाली.

ते तपकिरी 'वाळवंट' बहुतेकदा मुळात हिरवं असतं. तांब्याला व्हिनेगरची वाफ दिली की त्यावर निळसर हिरवी पूड धरते. हा जंगाल, म्हणजे मुख्यतः कॉपर अ‍ॅसिटेट. जंगलं आणि सरहद्दी रंगवायला तो सर्रास वापरत. गोची पुढेच आहे.

कागद म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. तांब्याचा आयन कधी दोन धनभारांचा, कधी एकाचा असतो. इलेक्ट्रॉन घेतो, सोडतो, पुन्हा घेतो. या देवघेवीत हवेतल्या ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरलेला तुकडा. हा रॅडिकल महाउतावळा. साखळीतला हायड्रोजन ओरबाडतो आणि साखळी तुटते. तांबं मात्र खर्चच होत नाही, उत्प्रेरक म्हणून पुढच्या फेरीला तयार! दमट हवेत हे आणखी वेगानं होतं. हिरवा तपकिरी पडतो, डाग मागच्या बाजूला उमटतो आणि शेवटी कागदाचा तेवढाच तुकडा गळून पडतो. शेजारची काळी रेघ जशीच्या तशी, कारण तिच्यातला कार्बन निरुपद्रवी.

जुना रंग ओळखायला जाणकार म्हणूनच नकाशा उलटून पाहतात. पाठीवर तपकिरी उमटलं असेल, तर रंग बराच जुना असण्याची शक्यता मोठी. ही तपासणी लागते, कारण विक्रीसाठी नंतर रंगवलेले नकाशेही पुष्कळ आहेत. रंगात फ्थॅलोसायनिन हे कृत्रिम निळं-हिरवं रंगद्रव्य सापडलं, तर तो १९३० च्या दशकाआधीचा असूच शकत नाही.

याच नकाशांतला दक्षिणेचा अवाढव्य खंड दाखवून 'प्राचीनांना बर्फाखालचं अंटार्क्टिका ठाऊक होतं' असे संदेश फिरतात. तो खंड कुणी पाहिलेला नव्हता. उत्तरेच्या जमिनीला तोलायला दक्षिणेतही तेवढीच जमीन हवी, या समजुतीतून तो काढला होता. रंगवणाऱ्यांनी इमानेइतबारे त्यालाही रंग दिला.