पावसाचा जमाखर्च, गाळाची थकबाकी

पाऊस थांबून चार-सहा महिने लोटतात, तरी नदी वाहत असते. समुद्राला रात्रंदिवस नद्या मिळत असतात, तरी तो भरून वर येत नाही. या दोन्ही गोष्टी कायम डोळ्यांसमोर होत्या, पण त्यांचा मेळ कसा घालायचा हे माणसाला जवळपास दोन हजार वर्षं नीट सांगता आलं नाही. आज पाठ्यपुस्तकात समुद्र, ढग, डोंगर, नदी आणि परत समुद्र अशी बाणांची एक गोल आकृती असते. ती इतकी साधी दिसते, की कुणाला तरी ती शोधून काढावी लागली असेल असं मनातही येत नाही.

जुनी उत्तरं वाचताना हसू येतं, पण ती मूर्खपणाची नव्हती. ॲरिस्टॉटलला पाऊस नदीला मिळतो हे मान्य होतं, पण तेवढ्याने भागेल असं वाटत नव्हतं. त्याचं म्हणणं, थंड हवेचं जसं वर पाणी होतं, तसं जमिनीच्या पोटातल्या गारव्यातही होत असणार. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने तर स्वतःच्या द्राक्षमळ्याचा दाखला दिला. कितीही मुसळधार पडो, दहा फुटांखाली जमीन ओली होत नाही, हे मी खणून पाहिलंय, असं त्याचं म्हणणं. निरीक्षण प्रामाणिक होतं. चुकलं ते एवढंच, की पाणी सगळीकडे सारखं मुरत नाही. चिकणमातीवर ते थबकतं आणि वाळूतून, खडकाच्या भेगांतून भराभर खाली जातं. एका मळ्यातल्या खड्ड्यावरून सगळ्या पृथ्वीबद्दल बोलायचं म्हटल्यावर असंच होणार.

दुसरं लोकप्रिय उत्तर याहून भन्नाट होतं. समुद्राचं पाणी तळाच्या भुयारांतून आत शिरतं, जमिनीतून गाळलं जाऊन गोडं होतं आणि डोंगरमाथ्यावर झऱ्याच्या रूपाने फुटतं. मीठ इतक्या वर्षांत भुयारं बुजवून का टाकत नाही आणि पाणी डोंगर चढतं कसं, हे दोन प्रश्न या उत्तराला कधीच सुटले नाहीत. तरी सतराव्या शतकात किर्खर नावाच्या विद्वानाने या भुयारांची देखणी चित्रं छापली आणि ती लोकांना पटलीही.

पावसाची बाजू घेणारेही अधूनमधून होऊन गेले. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने भूजल शोधण्यावर एक अख्खा अध्याय लिहिला. आकाशातून पडणारं पाणी एकाच रंगाचं आणि एकाच चवीचं असतं, जमिनीप्रमाणे त्याची चव आणि रंग बदलतात, असं तो सुरुवातीलाच सांगतो. म्हणजे विहिरीचं पाणी वरूनच आलेलं, हे त्याने गृहीतच धरलं होतं. फ्रान्समधल्या पालिसी या कुंभाराने १५८० साली ठणकावून लिहिलं, की झरे आणि नद्या पावसाशिवाय दुसऱ्या कशावरही चालत नाहीत. त्याला लॅटिन येत नव्हतं, ग्रीकही नाही. माझ्या मते तेच त्याच्या पथ्यावर पडलं. पण त्याचंही म्हणणं शेवटी एक मतच राहिलं. मोजून दाखवणारा अजून यायचा होता.

मोजमाप नवीन होतं अशातला भाग नाही. कौटिल्याने कोठाराशी पर्जन्यमापक ठेवायला सांगून कुठल्या प्रदेशात किती द्रोण (त्या काळचं एक माप) पाऊस पडतो याची यादीच दिली आहे. नाईलच्या काठी पुराची उंची दगडावर कोरलेल्या खुणांवरून वाचत. कोरियात १४४० च्या सुमाराला ठरावीक मापाची पर्जन्यमापकं गावोगाव पाठवली गेली. पण हे सगळं पेरणीसाठी, सारा आकारण्यासाठी. पाऊस एका वहीत आणि नदी दुसऱ्या वहीत. दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताळा करावा, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ते आलं एका बडतर्फ खजिनदाराच्या डोक्यात. पिएर पेरो हा पॅरिसच्या महसूल खात्यातला बडा अधिकारी होता. सरकारी वसुलीतला पैसा स्वतःची देणी भागवायला वापरल्यामुळे त्याची नोकरी गेली होती. परीकथा लिहिणारा शार्ल पेरो तो याचाच भाऊ. हाताशी मोकळा वेळ असलेल्या या माणसाने तीन वर्षांच्या पावसाची सरासरी काढली. ती त्याच्या मापाने १९ इंचांच्या थोडी वर, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ५२० मिलिमीटर आली. मग त्याने सीन नदीचा उगमापासूनचा छोटासा टप्पा निवडला, त्याचं पाणलोट क्षेत्र काढलं आणि गुणाकार केला. वर्षभरात पडलेलं पाणी त्या काळच्या फ्रेंच पिंपांच्या मापात २२,४८,९९,९४२ भरलं. नदीतून गेलेलं ३,६४,५३,६००. नदीचा आकडा त्याने दुसऱ्या एका ओढ्यावरून अंदाजाने बसवला होता, तरी पावसाचा हिशेब शेवटच्या पिंपापर्यंत! हाडाचा हिशेबनीस असाच असतो.

निष्कर्ष सरळ होता. पाऊस नदीच्या सहापट. १६७४ साली हे सगळं पॅरिसमध्ये एका निनावी पुस्तकात छापून आलं आणि ‘पाऊस पुरणार नाही’ हा दोन हजार वर्षांचा आक्षेप एका गुणाकारात निकाली निघाला. गंमत अशी, की पाऊस जमिनीत खोल मुरतो हे खुद्द पेरोला पटत नव्हतं. बेरीज बरोबर असली तरी पाणी कुठल्या वाटेने जातं हे त्याला उमगलं नाही. तो भाग त्याच शहरातल्या मारिओत या भौतिकशास्त्रज्ञाने पूर्ण केला. त्याने पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरात झिरपणाऱ्या पाण्यावर नजर ठेवली. पाऊस झाला की झिरपा वाढायचा, ओढ दिली की आटायचा. सेनेकाच्या मळ्याला मिळालेलं हे उत्तर.

आता पाणी समुद्रातून वर जातं किती, एवढं राहिलं होतं. तेही काम हिशेबाचंच, आणि ते ॲडमंड हॅलीने केलं. धूमकेतूमुळे ओळखला जाणारा हाच हॅली. १६७७ साली तो सेंट हेलेना बेटावर डोंगरावरून तारे पाहत होता. रात्री दव इतकं पडायचं, की दुर्बिणीची काच सारखी पुसावी लागायची आणि कागद सर्द होऊन शाई धरायचा नाही. त्याच्या वेधांचा बट्ट्याबोळ करणारं हे दव समुद्रातूनच वर आलेलं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. दहा वर्षांनी त्याने एका तसराळ्यात समुद्राइतकं खारं पाणी घेतलं, ते उन्हाळ्यातल्या हवेइतकं कोमट ठेवलं आणि तराजूला टांगलं. दोन तासांत वजन किती घटलं ते पाहून त्याने भूमध्य समुद्राचा हिशेब मांडला. दिवसाला ५२८ कोटी टन वाफ, आणि नऊ मोठ्या नद्या मिळून आणणार जेमतेम १८३ कोटी टन. समुद्र भरून का वाहत नाही, हा प्रश्न तिथे संपला. उलट भूमध्य समुद्र आटत का नाही, हा नवा प्रश्न उभा राहिला. त्याचं उत्तर असं, की तूट अटलांटिकमधून भरून निघते.

आजचे आकडे मोठे आहेत, पण पद्धत पेरोचीच. जमिनीवर दरवर्षी सुमारे १,१०,००० घन किलोमीटर पाणी पडतं. त्यातलं ४०,००० च्या आसपास समुद्राकडे परत जातं आणि उरलेलं झाडं आणि माती हवेला देऊन टाकतात. जगातल्या सगळ्या नद्यांत एका क्षणी असलेलं पाणी मात्र अवघं २,००० घन किलोमीटरच्या घरात. शिल्लक जेमतेम आणि उलाढाल वीसपट. म्हणूनच नदी चार दिवसांत फुगते आणि चार दिवसांत उतरते.

पाण्याच्या वहीतली एक नोंद मात्र फार उशिरा दुरुस्त झाली. पूर म्हणजे आत्ता पडलेला पाऊस जमिनीवरून वाहत येतो, असंच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धरलं जायचं. पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जड अणूंचं प्रमाण दर पावसाला थोडं वेगळं असतं. त्या खुणेवरून १९७० च्या दशकात पुराचं पाणी तपासलं, तेव्हा झाडझाडोरा असलेल्या ओलसर खोऱ्यांत निम्म्याहून जास्त पाणी ‘जुनं’ निघालं. आधीच्या पावसांत मुरून बसलेलं. नवा पाऊस त्याला ढकलून बाहेर काढतो. उन्हाळ्यात नदी जिवंत ठेवतं ते पाणी आणि पुरात पुढे धावतं तेही पाणी, दोन्ही बऱ्याच अंशी एकाच साठ्यातली.

इथवर झाला पाण्याचा हिशेब. नदी पाण्याबरोबर आणखी काही वाहून नेते, त्याची वही उघडायला पेरोनंतर शंभर-सव्वाशे वर्षं गेली.

डोंगरातली दरी आधीच होती आणि नदीला ती आयती मिळाली, की नदीनेच ती कोरली? अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत पहिलं उत्तर जड होतं. १८०२ साली जॉन प्लेफेअर या स्कॉटिश गणितज्ञाने एक साधी गोष्ट दाखवून दिली. उपनद्या मुख्य नदीला मिळतात, तेव्हा दोघींचे तळ एका पातळीला येतात. दऱ्या जर भूकंपाने वेड्यावाकड्या फाटल्या असत्या, तर प्रत्येक संगमावर धबधबा दिसला असता. तसं होत नाही, कारण प्रत्येक प्रवाहाने आपापली दरी आपल्या आकारमानाप्रमाणे कोरत आणलेली असते. ज्या दऱ्या हिमनद्यांनी खरवडल्या, तिथे मात्र उपनद्या खरोखरच उंचावरून कोसळतात. अपवादानेच नियमाची साक्ष द्यावी, असं क्वचित होतं.

नदी नुसती खाली खणत नाही, ती बाजूला सरकतेही. हे समजून घ्यायला चहाचा कप पुरतो. चहापत्ती तळाशी असलेला चहा चमच्याने गोल ढवळून सोडून द्या. पत्ती बाहेर फेकली जाईल असं वाटतं, पण ती मधोमध गोळा होते. फिरणारं पाणी कडेला रेटलं जातं. तळाशी घर्षणाने वेग कमी, म्हणून तिथला रेटाही कमी. त्यामुळे वरचं पाणी कडेने खाली उतरतं आणि तळातून मध्याकडे येतं. नदीच्या वळणावर हेच घडतं. बाहेरचा काठ खरवडला जातो आणि ती वाळू आतल्या काठाला जाऊन बसते. वळण आणखी वळत जातं. १९२६ साली आइनस्टाइनने हे कपाच्याच उदाहरणाने समजावलं होतं. जेम्स थॉमसन हा अभियंता त्याच्या पन्नास वर्षं आधीच तिथे पोचला होता, पण नाव आइनस्टाइनचं झालं. आइनस्टाइनचा मुलगा हान्स आल्बर्ट याने मात्र नदी गाळ कशी ओढते यावरच उभी हयात घालवली.

गाळाचा खरा हिशेब एका उद्योगाच्या उपद्व्यापातून सुरू झाला. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी डोंगरांवर पाण्याचे प्रचंड फवारे मारून दगडमाती धुऊन काढत. शंभर कोटी घनमीटरहून जास्त राडारोडा नद्यांत उतरला. पात्रं उथळ झाली, शेतं आणि गावं पुराखाली आली. १८८४ साली न्यायालयाने हे बंद पाडलं. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने पुढे या राड्याचा माग काढला आणि १९१७ साली लिहिलं, की तो पुराच्या लाटेसारखाच पुढे सरकतो आहे, फक्त दशकांच्या गतीने. एका ठिकाणी पात्र चढतं, कळसाला पोचतं, मग उतरतं, आणि तोवर खालच्या गावाचं पात्र चढायला लागलेलं असतं. लाटेचं टोक थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात जाऊन विसावलं. खाणी बंद पडून तेहतीस वर्षं झाली होती तेव्हा.

किनाऱ्याची गोष्ट इथे नदीला येऊन मिळते. किनाऱ्यावरची बरीचशी वाळू नदीने आणलेली असते. लाटा तिरप्या येतात, सरळ मागे फिरतात आणि वाळूचा कण करवतीच्या दात्यांसारखा पुढे पुढे सरकत जातो. कुठे बांध घातला, की त्याच्या एका अंगाला वाळू साठते आणि दुसऱ्या अंगाला किनारा खचतो. त्रिभुज प्रदेश तर निव्वळ चालू खात्यावर जगतात. तिथला मऊ गाळ स्वतःच्या वजनाने दबत जातो, म्हणून वरून नवा थर येत राहावाच लागतो.

नाईलचा त्रिभुज प्रदेश म्हणजे नदीने दिलेली देणगी, हे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १९६४ साली आस्वानच्या मोठ्या धरणात पाणी अडू लागलं आणि त्याबरोबर वर्षाला सुमारे १२ कोटी टन गाळही. आधीच्या बंधाऱ्यांमुळे किनारा मागे हटू लागलाच होता. धरणानंतर नाईलच्या रोझेटा या फाट्याच्या मुखाशी समुद्र काही वर्षं दरसाल ५० मीटरहून जास्त आत येत गेला. चीनमधल्या पीत नदीची गत तीच. विसाव्या शतकाच्या मध्याला ती वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहायची, आता त्याचा छोटासा हिस्सा उरलाय. सगळ्या जगाचा ताळेबंद २००५ साली मांडला गेला, तो उलटासुलटा निघाला. शेती, जंगलतोड आणि खाणींमुळे नद्यांत पडणारा गाळ वर्षाला सुमारे २३० कोटी टनांनी वाढला होता, आणि तरी किनाऱ्यापर्यंत पोचणारा गाळ सुमारे १४० कोटी टनांनी घटला होता. मधला फरक धरणांच्या पोटात. पेरोने पाण्यासाठी जो ताळा केला, तो गाळासाठी व्हायला आणखी ३३१ वर्षं लागली.

अमेरिकेतल्या एल्व्हा नदीवर १९१३ आणि १९२७ सालची दोन धरणं होती. २०११ ते २०१४ या काळात ती तोडून काढण्यात आली. तुंबलेला गाळ सुटला, नदी काही काळ कॉफीसारखी गढूळ वाहिली. मुखाशी जिथे अनेक दशकं नुसते गोटे उरले होते, तिथे पाच वर्षांत वाळूची नवी जमीन पुढे आली. समुद्री शेवाळाची रानं काही काळ गाळाखाली गुदमरली. गोट्यांवर पाय मुरगळायची धास्ती होती त्या जागी आता ओहोटीला माणसं वाळूतून चालतात.