पेस्टिंग वेगळं आणि स्टॅबिलायझर वेगळं

दुकानात जाऊन "भरतकामाच्या खाली लावायचा पेपर द्या" म्हटलं, म्हणजे हवा असतो स्टॅबिलायझर, की निम्म्या वेळेला समोर पेस्टिंग येतं, आणि आपणही ते गुंडाळून घरी घेऊन येतो, कारण दोन्ही पांढरं, दोन्ही कागदासारखं, दोन्ही मीटरवर मिळणारं. मी तर विकत पण आणलं नव्हतं, कॉलरचं उरलेलं घरात पडलं होतं तेच वापरलं. भाच्याच्या टी-शर्टवर हत्ती काढायचा होता, साधारण 9 सेंटिमीटरचा, भरतकामाचं मशीन दाखवत होतं 8,000 टाके. पेस्टिंग मागून इस्त्रीने चिकटवलं, हूपमध्ये, म्हणजे कापड धरून ठेवणाऱ्या चौकटीत, टी-शर्ट ढोलकीसारखा ताणून बसवला आणि मशीन सुरू करून चहा टाकायला गेले. हूपमध्ये असेपर्यंत हत्ती एकदम झक्कास. बाहेर काढला तर भोवती चुण्याच चुण्या, कानाची आउटलाइन एकीकडे आणि कान दुसरीकडे, आणि पहिल्या धुण्यात पेस्टिंग सुटून मागे फुगे आले ते वेगळंच. भाचा एक वर्षाचा, त्याला काय फरक पडतो, पण वहिनीला पडला.

तर पेस्टिंग म्हणजे काय ते आधी. कोणी फ्यूजिंग म्हणतं, कोणी कॅनव्हास, आमच्या शिवणक्लासला तर जे काही आत घालायचं त्या सगळ्यालाच कॅनव्हास म्हणायचे. कॉलर उभी राहावी, ब्लाऊजचा गळा लोळू नये, कफ मऊ पडू नये, बटणाची पट्टी ताणली जाऊ नये, यासाठी ते कापडाच्या आतून घालायचं आणि ते कपड्याबरोबर जन्मभर राहतं. एका बाजूला डिंकाचे बारीक ठिपके असतात, इस्त्रीने ते वितळतात आणि कापडाला धरून बसतात. इस्त्री घासायची नाही बरं का, दाबून धरायची, दहा-बारा सेकंद, मग उचलून पुढे ठेवायची, नाहीतर ते सरकतं आणि तिथेच सुरकुती पक्की होते. बकरम हे त्याच्या कुळातलं, पण ते मुळात खळ देऊन कडक केलेलं विणलेलं कापड, पडद्याच्या वरच्या पट्टीत किंवा कमरेच्या बेल्टमध्ये घालतात ते.

स्टॅबिलायझरचा कपड्याशी तसा काही संबंधच नाही, त्याचा संबंध टाक्यांशी आहे. 8,000 टाके म्हणजे तळहाताएवढ्या जागेत सुई 8,000 वेळा वरखाली होते. घरगुती मशीन मिनिटाला 600 टाक्यांनी चालवलं तर साधारण तेरा-चौदा मिनिटं हे चालतं, रंग बदलायचा वेळ वेगळा. नेहमीच्या 40 नंबरच्या भरतकामाच्या दोऱ्याने भराव टाकताना शेजारच्या दोन ओळींमध्ये 0.4 मिलिमीटरच्या आसपास अंतर असतं, म्हणजे किती दाट ते बघा. आणि वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांना खेचत असतात त्यामुळे प्रत्येक टाका त्याच्या लांबीच्या दिशेने कापड आत ओढतो, आणि ओळीवर ओळ चढत जाते तसं आडव्या दिशेने कापड बाहेर ढकललं जातं. म्हणून गोल काढायला जावं आणि अंडं तयार व्हावं असं होतं. डिझाइन बनवणारे ही ओढ गृहीत धरून आकार थोडा रुंद ठेवतात, पण खाली धरायला काही नसेल तर ते गणित चुकतंच. स्टॅबिलायझरचं काम एवढंच, की ही ओढ कापडाच्या ऐवजी स्वतः सोसायची.

आता कोणी म्हणेल पेस्टिंग पण कापड धरूनच ठेवतं ना, मग ते का चालत नाही? मला पण हेच वाटलं होतं. पण ते चिकटलेलं असतं नुसत्या ठिपक्यांवर आणि ते पण वरवर, दाट डिझाइनखाली सुईने त्याची चाळण होते आणि पकड जाते. शिवाय मी ते हत्तीपुरतंच कापून चिकटवलं होतं, हूपच्या कडेपर्यंत ते पोचतच नव्हतं, म्हणजे हूपने धरलेला होता फक्त ताणलेला टी-शर्ट. टी-शर्ट म्हणजे निटिंगचं कापड, ताणलेल्या अवस्थेत त्याच्यावर 8,000 टाके मारून कायमचे बसवले आणि मग हूप सोडला, कापड आपल्या मूळ मापावर परत गेलं आणि टाके मात्र आहेत तिथेच. चुण्या पडणार नाहीत तर काय. खरं तर हूपमध्ये स्टॅबिलायझर ताठ बसवायचा आणि टी-शर्ट त्याच्यावर न ताणता नुसता पसरून कडेने कच्च्या टाक्यांनी धरायचा, हे मला खूप उशिरा कळलं.

दोन्ही इतकी सारखी का दिसतात तर दोन्ही बहुतेक वेळा नॉन-वोव्हन असतात, म्हणजे विणलेली नाहीत, तंतू पसरवून दाबून बांधलेले. जर्मनीतल्या फ्रॉयडेनबर्ग कंपनीने 1948 मध्ये कपड्यांच्या आत घालायला असं नॉन-वोव्हन बाजारात आणलं आणि पुढे जगभरच्या शिलाईत ते पसरलं. म्हणजे भावंडंच आहेत, कामं वेगळी.

ओळखायचं कसं तर आधी बोट फिरवा. एका बाजूला खरखरीत लागलं, उजेडात धरल्यावर बारीक चमचम दिसली तर डिंक आहे, म्हणजे बहुतेक पेस्टिंग. बहुतेक म्हणतेय कारण इस्त्रीने चिकटणारे स्टॅबिलायझर पण मिळतात, तिथे बोटावर विश्वास ठेवून चालत नाही. मग फाडून बघा. वर्तमानपत्रासारखं फाटलं तर टिअर-अवे. कितीही ओढा फाटत नाही, कात्रीच लागते आणि ताणल्यावर लांब पण होत नाही, तर कट-अवे. आणि मऊसर, एका दिशेला थोडं लांब होणारं असेल तर ते पेस्टिंगच्या घरचं. कडकपणावरून ठरवू नका, मी तिथेच फसले, माझं कॉलरचं पेस्टिंग चांगलं पुठ्ठ्यासारखं होतं.

टिअर-अवे आणि कट-अवे हा पुन्हा आणखी एक घोळ. नावावरून वाटतं की काढायच्या पद्धतीचा फरक आहे, आणि मग सगळ्यांनाच फाडून टाकायचं सोपं वाटतं. पण प्रश्न काम झाल्यावर कापड स्वतः टाके पेलू शकतं का हा आहे. खादी, डेनिम, कॅनव्हासची पिशवी, टेबलक्लॉथ ही मागावर विणलेली घट्ट कापडं, ती पेलतात, त्यांना टिअर-अवे पुरतं. (फाडताना टाक्यांवर अंगठा दाबून ठेवा, जोरात खेचलंत की सॅटिन टाक्याची, म्हणजे शेजारी-शेजारी दाट घातलेल्या टाक्यांची, कड तिरकी होते.) टी-शर्ट, स्वेटर, लेगिंगसारखं जे जे ताणतं ते पेलत नाही, तिथे मागे कायमचा आधार हवा, म्हणून कट-अवे, डिझाइनभोवती अर्धा-एक सेंटिमीटर सोडून गोलसर कापायचं. कोपरा ठेवला तर तो टोचतो आणि पुढून उमटतो पण.

तिसरा पाण्यात विरघळणारा. टर्किश टॉवेलवर नाव काढताना वरून हा पातळ प्लास्टिकसारखा दिसणारा पडदा ठेवायचा, नाहीतर टॉवेलचे वेढे टाक्यांमधून डोकं वर काढतात. मग धुतला की गेला. नुसत्या दोऱ्याची लेस करतात ती पण जाड विरघळणाऱ्या स्टॅबिलायझरवर, आणि ही कल्पना नवीन नाही, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलनमध्ये रेशमी कापडावर सुती दोऱ्याने मशीन भरतकाम करायचे आणि मग रसायनात खालचं रेशीम विरघळवून टाकायचे, उरायची ती लेस. तेव्हा कापडच बळी द्यायचे, आपण निदान प्लास्टिकच्या पडद्यावर भागवतो.

उलटी चूक पण होते, ती पण मी केलीय. पेस्टिंग संपलं म्हणून कुर्त्याच्या गळ्याच्या पट्टीत कट-अवे घातला. जाडी तर सारखीच वाटत होती. पण त्याला डिंक नाही, धुतल्यावर तो आतल्या आत सरकून एका बाजूला गोळा झाला आणि गळा असा दिसायला लागला की जणू आत रुमाल राहिलाय. सगळं उसवलं.

आणि एक जागा अशी आहे जिथे दोन्ही लागतात, ती म्हणजे खणाचं ब्लाऊज. पाठीवर नथ किंवा चंद्रकोर काढायची हौस सगळ्यांनाच असते, पण खण पातळ, धागे सरकतात, आणि काठाजवळ दाट डिझाइन आलं की कापड गोळा होतं. मी आधी खणाच्या उलट्या बाजूला एकदम हलकं पेस्टिंग लावते, ते पूर्ण पाठीच्या तुकड्याला, म्हणजे कापडाला थोडं अंग येतं. मग हूपमध्ये त्याच्याखाली टिअर-अवे, तो टाक्यांची ओढ घेतो. भरून झालं की टिअर-अवे फाडून टाकायचा, पेस्टिंग राहतं, वरून अस्तर लागतं. पाठीचं कटिंग मात्र भरल्यानंतर करा, कारण कितीही धरलं तरी कापड मिलिमीटरभर आत येतंच आणि आधी कापलं असेल तर तुमचा मुंढा गेला.

जुन्या काळ्या शिलाई मशीनवर कापड दाबून धरणारा पाय काढून, लाकडी रिंग लावून हाताने फिरवत भरतकाम करायचे ते लोक खाली वर्तमानपत्र ठेवायचे, म्हणजे स्टॅबिलायझरच की तो, फक्त नाव नव्हतं. साध्या डिझाइनला मी पण करून बघितलंय, चालतं, पण शाई पांढऱ्या कापडावर उतरते आणि कागदाने सुई लवकर बोथट होते, 75/11 च्या बारीक सुईला तर जास्तच.

आता मी घरी आणल्या आणल्या प्रत्येक गुंडाळीच्या टोकाला मार्करने नाव लिहून ठेवते, कारण महिन्याभराने मलाच ओळखू येत नाहीत. आईला मात्र हे सगळं मान्य नाही. ती माझा टिअर-अवे काढून घेते आणि त्याच्यावर ब्लाऊजचं कटिंग आखते, आणि खरं सांगायचं तर ते तिला कागदापेक्षा छान जमतं.