रायतूर ते श्रीरामपूर: एका बॅप्टिस्ट सेमिनरीची पार्श्वभूमी

गोव्यात ‘सेमिनरी’ म्हटले की सासष्टीतले रायतूर आठवते; कागदोपत्री राशोल. जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी १६०६ साली पाया घातलेली पाद्री घडवण्याची ही शाळा मराठी वाचकाला ठाऊक असते ती वेगळ्याच कारणाने. फादर थॉमस स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये इथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, त्यात मराठीची ती प्रसिद्ध थोरवी, आणि लिपी मात्र रोमन. देवनागरीचे छपाईचे खिळेच तिथे नव्हते. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, १७५९ मध्ये जेझुइटांचीच हकालपट्टी झाली, आणि सेमिनरी धर्मप्रांताकडे गेली. त्या जुन्या छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही.

मराठी देवनागरी खिळ्यांत उतरली ती एका दुसऱ्या सेमिनरीच्या गावी, हुगळीकाठच्या श्रीरामपुरात. आपले नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले. ही बॅप्टिस्टांची कर्मभूमी.

बॅप्टिस्ट म्हणजे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा न देणारे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. माणसाने जाणत्या वयात, समजून-उमजून तो घ्यावा, असा त्यांचा आग्रह. समजायचे तर वाचता आले पाहिजे, वाचायचे तर पुस्तक आपल्या भाषेत हवे. म्हणून त्यांच्याकडे आधी शाळा आणि छापखाना आला, सेमिनरी मागाहून. रायतूरचा क्रम उलटा: तिथे आधी राजाचा आश्रय होता. श्रीरामपूरकरांना आश्रय शोधत फिरावे लागले. विल्यम केरी हा मूळचा जोडे शिवणारा इंग्रज १७९३ मध्ये बंगालात आला, पण ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. अखेर १८०० मध्ये तो डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात गेला. जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड तिथे होतेच. मार्शमन पतिपत्नींनी निवासी शाळा काढल्या आणि त्यांच्या फीवर मिशनचा बराचसा खर्च चालला. वॉर्डने छापखाना सांभाळला. पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने खिळे पाडले.

केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा. वैजनाथ शर्मा या पंडिताच्या मदतीने त्याने मराठी व्याकरण लिहिले. १८०५ मध्ये ते देवनागरीत निघाले, १८१० मध्ये कोश मोडीत. १८११ मध्ये मराठी नवा करार आला. एवढ्यावर न थांबता या मंडळींनी कोकणी नवा करारही छापला. ज्या गोव्यात त्यांना पाऊल ठेवायला वाव नव्हता, तिथल्या भाषेचे पुस्तक हुगळीकाठी तयार झाले, हे मला रायतूरच्या गोष्टीइतकेच विलक्षण वाटते.

वाव नव्हता म्हणजे काय, तेही सांगायला हवे. गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक मताबाहेर जाणाऱ्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालय, मधली चार वर्षे सोडली तर, १५६० पासून १८१२ पर्यंत होते. केरी जिथे शिकवत होता त्याच कॉलेजचा उपप्रमुख राहिलेला क्लॉडियस ब्युकॅनन हा अँग्लिकन पाद्री १८०८ मध्ये मुद्दाम ते पाहायला गोव्यात आला. ब्रिटिश फौजा तेव्हा गोव्यात होत्या, म्हणून त्याला निभावले. त्याने लिहिलेले वर्णन युरोपात पुष्कळ वाचले गेले.

१८१८ मध्ये श्रीरामपूर कॉलेज उघडले. त्याच्या जाहीरनाम्यात ‘आशियाई ख्रिस्ती आणि इतर तरुणांना’ पूर्वेचे साहित्य व युरोपचे विज्ञान शिकवण्याचा उद्देश होता. त्यातला ‘इतर’ हा शब्द महत्त्वाचा. जातधर्म न पाहता प्रवेश दिला जाई. ख्रिस्ती उपदेशकाला संस्कृत यावे, हा केरी-मार्शमनचा हट्ट होता. बायबल सांगणाऱ्याला समोरच्याचे ग्रंथ ठाऊक नसतील तर तो बोलणार काय? १८२७ मध्ये डेन्मार्कच्या सहाव्या फ्रेडरिक राजाने सनद देऊन कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार बहाल केला. १८४५ मध्ये डेन्मार्कने हे गाव इंग्रजांना विकले, पण कॉलेजचे हक्क करारात शाबूत ठेवले.

पुढचा काळ मात्र सुस्तावला. धर्मशास्त्राची पदवी देण्याचा अधिकार कागदावरच राहिला, अनेक दशके. विसाव्या शतकाच्या आरंभी प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी संस्था नव्याने उभी केली. धर्मशास्त्राच्या पहिल्या पदव्या १९१५ मध्ये दिल्या गेल्या आणि १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने कायदा करून सनदेला नवे बळ दिले. त्यातून सिनेट, म्हणजे पदव्यांचा कारभार पाहणारे मंडळ, आले, आणि बॅप्टिस्टांपुरती राहिलेली गोष्ट इतर पंथांच्या सेमिनऱ्यांपर्यंत पोचली. १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झालेली आणि १९८३ मध्ये पुण्यात हललेली युनियन बिब्लिकल सेमिनरीही त्याच सिनेटशी जोडलेली आहे. गोव्यातला एखादा प्रॉटेस्टंट मुलगा तिथे शिकायला गेला, तर त्याच्या पदवीमागचा अधिकार मागे मागे जात त्या डॅनिश राजाच्या सनदेपाशी पोचतो. रायतूरला पाद्री होणाऱ्याची वाट आजही निराळीच.