जुन्या गाडीला इंधन-अंतःक्षेपण संगणक बसविणे

कार्बुरेटरवर (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या यांत्रिक भागावर) चालणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीला, मूळ उत्पादकाने न दिलेला, बाजारात सुटा मिळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसवून तिचा इंधनपुरवठा आणि बहुधा ठिणगीची वेळही त्याच्या स्वाधीन करण्याचे काम. गॅरेजमध्ये या नियंत्रकाला ‘ईसीयू’ किंवा नुसतेच ‘कॉम्प्युटर’ म्हणतात. बॉश कंपनीने १९६७ साली ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपण (इंजेक्टरमधून पेट्रोल फवारण्याची) प्रणाली फोक्सवॅगनच्या गाडीत दिली. भारतात मात्र १,०८९ घन सेंमी. इंजिनाची प्रीमियर पद्मिनी कार्बुरेटरवरच धावत राहिली. स्वतः जुळवून बसविता येईल असा ‘मेगास्क्वर्ट’ नियंत्रक २००१ च्या सुमारास आला आणि हौशी माणसाला हे काम आवाक्यातले झाले.

या बदलाची गरज नाशिकमध्ये चांगली समजते. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मी. असल्यामुळे येथील हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी असतो. कार्बुरेटरच्या जेटचे, म्हणजे पेट्रोल येण्याच्या तोटीचे, छिद्र ठरलेले असते. त्यामुळे मुंबईच्या हवेला बेताने जुळविलेली गाडी कसारा घाट चढून आली की तिचे हवा-पेट्रोलचे मिश्रण तीन-चार टक्क्यांनी रिच (पेट्रोल जास्त) होते, आणि येथे जुळविलेली गाडी घाट उतरताच तेवढीच लीन (पेट्रोल कमी) होते. हिवाळ्यात निफाडकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळवून देणारी कळ) किती वेळ ओढून ठेवायचा हे चालकाच्या अंदाजावरच सोडलेले असते. संगणक मात्र मॅनिफोल्डमधील (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाब, आत येणाऱ्या हवेचे व इंजिनातील पाण्याचे तापमान आणि फेरे यांवरून सिलिंडरमध्ये गेलेल्या हवेचे वजन काढतो व इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते प्रत्येक वेळी नव्याने ठरवितो.

संगणक बसविणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग होय. यश ठरते ते त्याच्याभोवतीच्या जुन्या गाडीवर. इंजिनावरचा यांत्रिक पेट्रोल पंप जेमतेम पाव बार दाब देतो, तर इंजेक्टरला सुमारे तीन बार लागतो. म्हणून विजेचा पंप, दाब-नियामक, बारीक फिल्टर आणि जास्तीचे पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी घालावी लागते. टाकी आतून गंजलेली असेल, तर ती आधी साफ करून घ्यावी, कारण तो गंज इंजेक्टरच्या जाळीत जाऊन बसतो. जुने रबरी पाइप या दाबाला आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकत नाहीत. ते बदलण्यात काटकसर करणे म्हणजे आगीला वाट करून देणे आहे. इंजिन बंद पडताच पंपही थांबेल, अशीच जोडणी असली पाहिजे.

इंजेक्टरच्या निवडीत मोठ्याचा मोह पडतो. चाळीस अश्वशक्तीच्या चार सिलिंडरी इंजिनाला पूर्ण भारावरही दर इंजेक्टरमागे मिनिटाला ६५ ते ७० घन सेंमी. पेट्रोल पुरते, त्याच्या तिप्पट-चौपट क्षमतेचे इंजेक्टर बसविले, तर स्लोवर (गाडी उभी असताना इंजिन मंद फिरते तेव्हा) ते इतका अल्प काळ उघडतात की पुरवठ्याचा नेम राहत नाही आणि इंजिन हेलकावे खाते.

विजेच्या बाजूला जुना डायनॅमो स्लोवर पुरेसे चार्जिंग करीत नाही, तेव्हा त्याजागी अल्टरनेटर लागतो. जुन्या काही ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, ती आधी उलटवावी लागते. सेन्सरचे अर्थिंग गंजक्या बॉडीवर न सोडता संगणकाकडेच परत न्यावे. झिजलेल्या डेल्कोवरून (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवरून) फेऱ्यांचा संकेत घेतल्यास ठिणगीची वेळ डळमळते; त्यापेक्षा क्रँकच्या पुलीवर दातेरी चकती बसविणे चांगले. छत्तीस दात्यांच्या जागी पस्तीसच दाते कापून एक जागा रिकामी ठेवलेली चकती यासाठी रूढ आहे आणि त्या रिकाम्या जागेवरून संगणकाला क्रँकची स्थिती कळते. अशी चकती व सेन्सरचा ब्रॅकेट सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील लेथ-मिलिंगवाल्यांना नवखा नाही. हे काम करणाऱ्याला नाशिकमध्ये मिळणारी ही मोठी सोय आहे.

त्यानंतर ट्यूनिंग. इंजिन पहिल्यांदा फिरविताना संगणक दाखवितो तेवढाच ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी किती अंश लवकर पडते ते) प्रत्यक्ष पडतो का, हे टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. येथील चुकीने पिस्टन फुटू शकतो. सायलेन्सरच्या पाइपमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (धुरातील ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) बसवून दाब व फेऱ्यांच्या तक्त्यातील एकेक घर भरले जाते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ पट, म्हणून आकडे लॅम्डा (प्रत्यक्ष हवा भागिले लागणारी हवा) या परिमाणात पाहणे सुरक्षित. पूर्ण भाराची नोंद डायनोवर (गाडी जागेवरच चालवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) घ्यावी. रहदारीच्या घाटात चालकानेच लॅपटॉप पाहणे जिवावरचे आहे.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या मालकाने आधी आणखी एक विचार करावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात असावी लागते आणि इंजिनातील मोठे फेरफार तिच्या आड येतात. म्हणून मूळ मॅनिफोल्डला छिद्र न पाडता दुसरा मॅनिफोल्ड वापरावा, जुनी वायरिंग कापू नये आणि कार्बुरेटर, डेल्को व यांत्रिक पंप तेल लावून, गुंडाळून, गाडीच्या कागदपत्रांइतक्याच काळजीने जपून ठेवावेत.