काँट्रास्टच्या मागून सलाईन का ढकलतात?

पोटाचा सीटी ज्यांनी काढलाय त्यांना ते मशीन आठवत असेल, टेबलाशेजारी उभं असलेलं, दोन जाड सिरींजवालं. त्याला इंजेक्टर म्हणतात. एका सिरींजमध्ये काँट्रास्ट म्हणजे आयोडीनवालं औषध आणि दुसरीत साधं सलाईन, लिटरमागे 9 ग्रॅम मीठ, बाकी नुसतं पाणी. काँट्रास्ट आत गेलं की अंगभर गरम लाट जाते, तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी झाली की काय असंही वाटतं (होत नाही, घाबरू नका), पण त्याच्या मागोमाग सलाईन जातं ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

आधी काँट्रास्ट कशाला ते बघू. लिव्हर आणि त्यातली गाठ, प्लेन (म्हणजे काँट्रास्टशिवायच्या) सीटीत दोन्ही जवळपास सारख्याच राखाडी दिसू शकतात. आयोडीनचा अणू जड, तो एक्स-रे चांगलेच अडवतो, त्यामुळे औषध जिथे जास्त पोचतं तो भाग उजळ दिसतो आणि फरक कळतो. मोठ्या माणसाला साधारण 80 ते 120 मिली, सेकंदाला 2 ते 4 मिली अशा वेगाने देतात, आणि लिव्हरचा मेन फोटो सुरुवातीपासून साधारण 70 सेकंदांनी घेतात, कारण औषध हातातून हृदयात, फुप्फुसात, परत हृदयात, मग आतडी-प्लीहा फिरून पोर्टल व्हेन नावाच्या शिरेने लिव्हरला येतं, एवढा प्रवास आहे.

आता गंमत अशी की सिरींज रिकामी झाली की मागचा जोर संपतो, आणि शेवटचं काही मिली औषध नळीत आणि दंडा-काखेच्या शिरांमध्ये रेंगाळतं, कारण तिथलं रक्त हळू चालतं आणि हे औषध तसं घट्टच. ते मागाहून पोचेलही, पण तोवर फोटो निघून गेलेला असतो. आपण मिक्सरच्या भांड्याला लागलेलं वाटण थोडं पाणी घालून विसळतो आणि ते पाणी आमटीतच ओततो ना, अगदी तेच काम 30-40 मिली सलाईन करतं, फक्त इथे मागून जोरही देतं, त्यामुळे औषध लांबत न जाता एकगठ्ठा पुढे सरकतं.

याने लिव्हर एकदम झगमगतं असं मात्र नाही. लिव्हर किती उजळेल ते मुख्यतः वजनाच्या मानाने एकूण आयोडीन किती गेलं यावर ठरतं. खरा फायदा हा की तेवढाच चांगला फोटो थोड्या कमी औषधात निघतो. 2022 मध्ये शांघायचा एक मोठा कारखाना कोविड लॉकडाऊनमुळे बंद पडला आणि अमेरिकेतल्या कितीतरी हॉस्पिटलांना काँट्रास्ट पुरवून पुरवून वापरावं लागलं, तेव्हा या वाचलेल्या मिलीमिलीची किंमत कळली.

एक गैरसमज खूप दिसतो, की हे सलाईन किडनीला वाचवायला देतात. नाही हो. किडनी कमजोर असेल तर बाटलीने तासन्‌तास देतात ते सलाईन वेगळं, 30-40 मिलीने तिथे काहीच होत नाही, म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आधी दाखवाच.

अजून एक, बऱ्याच ठिकाणी काँट्रास्टच्या आधीही थोडं सलाईन ढकलून सुई शिरेतच आहे ना ते बघतात. सलाईन चुकून बाहेर झिरपलं तर थोडी सूज येऊन उतरते, काँट्रास्ट झिरपलं तर हात चांगलाच सुजून दुखू शकतो. म्हणून त्या वेळी सुईच्या जागी फुगल्यासारखं किंवा दुखल्यासारखं वाटलं तर गप्प पडून राहू नका, लगेच मोठ्याने सांगा, टेक्निशियन काचेपलीकडे असला तरी खोलीत माईक असतो, त्याला ऐकू जातं.