मोह आणि अस्वल : सातपुड्यातील एका शेजाराची पार्श्वभूमी

सातपुड्याच्या खानदेशाकडील उतारावर मोहाचे झाड आणि अस्वल यांची गाठ दरवर्षी चैत्राच्या सुमारास पडते. रात्रीतून गळालेली मांसल, पोकळ, पिवळसर पांढरी फुले उजाडण्याआधी वेचायला भिल्ल आणि पावरा कुटुंबे पाट्या घेऊन निघतात, आणि नेमकी तीच वेळ त्या गोडीवर आलेल्या अस्वलाचीही असते.

विज्ञानाच्या दप्तरात दोघांच्या नावांत १७९१ हे एकच साल येते. मोहाला 'मधुका' हे प्रजातिनाम त्या वर्षी मिळाले, आणि इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी अस्वलाचे वर्णन केले तेही त्याच वर्षी, मात्र लांब नखे आणि वरच्या जबड्यातील मधल्या दोन दातांचा अभाव पाहून त्यांनी या प्राण्याला स्लॉथच्या, म्हणजे झाडाला लटकून राहणाऱ्या संथ प्राण्याच्या, गटात टाकले. वास्तविक ती दातांमधली फट वाळवी ओढून घेण्यासाठी असते. चूक पुढे सुधारली, तरी 'स्लॉथ बेअर' या इंग्रजी नावातला 'स्लॉथ' अजून तसाच आहे.

सरकारी दप्तरात मात्र दोघांची रकाने वेगळी पडली. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. १८७८ साली देशाचा वन कायदा आणि मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा असे दोन्ही आले. पहिल्याने जंगल राखीव होऊ लागले, दुसऱ्याने घरी मोहाची दारू गाळणे हा गुन्हा ठरू लागला. मोह अशा रीतीने महसुलाची बाब झाला. अस्वल मात्र हिंस्र श्वापद म्हणून मोजले गेले आणि ब्रिटिश अमलात अशा श्वापदांना मारणाऱ्यास बक्षीस मिळे.

स्वातंत्र्यानंतर पारडे फिरले. १९६९ मध्ये सातपुड्यातील यावल अभयारण्य जाहीर झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज अस्वल अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे. मोहाला तसे कवच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणारी वनस्पतींची उपज) म्हणून त्याच्या फुलांवर गावकऱ्यांचा हक्क मान्य झाला, एवढेच. हा हक्क मोठा आहे, पण तो वेचणाऱ्यांचा आहे, झाडाचा नव्हे. फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची रीत जुनी आहे. त्या आगीत उगवून आलेली रोपेही जातात, आणि बियाही तेलासाठी वेचल्या जात असल्याने जुन्या मोहाखाली कोवळा मोह क्वचितच दिसतो.